वाचकांचे प्रश्न : व्हीलचेअरवर बसून मातीशिवाय भाजी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बाइक ॲक्सिडेंटनंतर व्हीलचेअरवर आहे, कमरेखाली संवेदना नाही, हात मात्र एकदम मजबूत. त्याला हायड्रोपोनिक्स करायचंय. सोसायटीवाले टेरेस द्यायला तयार आहेत आणि एकजण सहा फुटी ए-फ्रेम (रोपं लावायच्या पाइपांचा A आकाराचा उभा स्टँड) पंपासकट बसवून देतो म्हणतोय. घ्यावी का? आणि यातून पैसे मिळतील का? (वाचक भगिनी, धनकवडी)

उत्तर : ताई, ती ए-फ्रेम घेऊ नका. व्हीलचेअरवरून माणसाचा हात साधारण 40 ते 120 सेंमी उंचीपर्यंत आरामात पोचतो, म्हणजे वरच्या ओळी कोण बघणार तर तुम्ही किंवा आई, आणि मग शेती त्याच्या नावाची नि राबणार घरचे, असं दोन महिन्यांत होतं आणि त्याचा उत्साह जातो तो वेगळाच. सेटअप त्याच्या मापाने करा. फॅब्रिकेटरकडून टेबल बनवून घ्या, खाली गुडघे जायला 70 सेंमी मोकळी उंची, मधे आडवा पाइप नको, आणि एकाच बाजूने हात घालायचा असेल तर रुंदी 60 सेंमीच्या वर अजिबात नको. टेबल मजबूतच हवं बरं का, कारण 60 बाय 90 च्या ट्रेमध्ये 12 सेंमी पाणी म्हणजे 65 लिटर, तेवढेच किलो वजन झालं!

टेरेसचं म्हणाल तर आधी जाऊन बघा की लिफ्ट टेरेसपर्यंत जाते का, बहुतेक बिल्डिंगमध्ये शेवटच्या मजल्यावरच थांबते आणि पुढे जिना, वर दाराला पावसाचं पाणी अडवायला उंबरा. रोज कुणीतरी उचलून न्यायचं असेल तर टेरेस विसरा. चार-पाच तास ऊन येणारी बाल्कनी चालेल, पालेभाजीला तेवढं पुरतं.

पद्धत म्हणाल तर सुरुवातीला पंप नकोच. पाइपच्या सिस्टीममध्ये पाण्याचा पातळ थर सतत वाहता ठेवावा लागतो, एप्रिलमध्ये दुपारी लाइट गेली की काही तासांत मुळं सुकतात. त्यापेक्षा क्रॅट्की पद्धत बघा, हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांची. ट्रेमध्ये खतपाणी भरायचं, वर झाकण, झाकणाला भोकं, भोकात नेटपॉट म्हणजे जाळीची छोटी कुंडी आणि त्यात कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) रोप. झाड पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि मधल्या मोकळ्या जागेतली मुळं हवा घेतात. म्हणून पाणी कमी झालं की काठोकाठ भरायचं नाही, हवेतली मुळं बुडतात नि झाड गुदमरतं. एवढ्या ट्रेमध्ये 12 लेट्यूस बसतात, रोप लावल्यापासून महिना-दीड महिन्यात काढणी. झाकणात फट ठेवू नका, आत उजेड शिरला की शेवाळ धरतं आणि डास झाले तर पुण्यात डेंग्यूची भीती आहेच.

खतपाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप) 5.5 ते 6.5, ईसी (पाण्यात खत किती विरघळलंय त्याचं माप) लेट्यूसला 1 च्या आसपास. हे खत ए आणि बी अशा दोन भागांत येतं, ते कधीही दाट असताना एकत्र ओतू नका, ए मधलं कॅल्शियम बी मधल्या सल्फेट-फॉस्फेटबरोबर साका होऊन तळाला बसतं. बोअरचं पाणी जड असतं, कॉर्पोरेशनचं घ्या, आणि बादल्या उचलण्यापेक्षा नळाला पाइप लावा.

आता भावाची काळजी, हे मी कळकळीने सांगते. पायाला संवेदना नाही म्हणजे उन्हात तापलेली लोखंडी फ्रेम मांडीला लागली तरी त्याला कळणार नाही आणि भाजेल, तेव्हा टेबलाच्या कडेला फोम लावा. कामात रमला की तासन्‌तास एका जागी बसेल, तसं नको, दर 15 ते 30 मिनिटांनी अंग उचलून भार बदलायचा, नाहीतर बेडसोर होतात आणि ते भरायला महिने जातात. उन्हाळ्यात काम सकाळीच आणि वर 50 टक्के शेडनेट. झाडांनाही तेच बरं, पाणी 25-26 डिग्रीच्या वर गेलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि मुळं कुजायला लागतात.

पैशांचं स्पष्ट सांगते. मेथी-कोथिंबीर लावून मंडईशी स्पर्धा होणार नाही. लेट्यूस, बेसिल लावा, सोसायटीत आणि जवळच्या कॅफेत विचारा, पण एका टेबलात पगार निघत नाही. आधी दोन-तीन पिकं नीट निघू देत, मग तीच टेबलं वाढवा.

प्रश्न : मला अजिबात दिसत नाही. पीएच-ईसीचा मीटर कसा वाचू? (वाचक, कोथरूड)

उत्तर : काका, बी माय आइज ॲपवर व्हिडिओ कॉल लावला की समोरचा स्वयंसेवक आकडा वाचून देतो. खत सिरिंजने मोजा, ठराविक मापाला दांड्यावर खाच करून घ्या. पातळीसाठी थर्माकोलच्या तुकड्यात काडी खोचून झाकणाच्या भोकातून वर काढा, पाणी उतरलं की काडी उतरते, बोटाला लगेच कळतं. मुळं घट्ट लागली तर चांगली, बुळबुळीत नि वास येत असेल तर कुजली. पीएच कमी करायचं औषध, पीएच डाउन, हे ॲसिड असतं, ते मात्र डोळस माणसाकडूनच पातळ करून घ्या.

प्रश्न : कर्ज मिळतं का? (वाचक, हडपसर)

उत्तर : 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे स्वयंरोजगारासाठी चौकशी करा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते काढा, आणि एका टेबलाचा खर्च नि विक्री वहीत लिहून न्या, कर्ज मागताना आकडे हातात असले की बोलणं सोपं होतं.