इंग्रजांचे दात आणि दिवाळीतलं रूट कॅनाल

प्रश्न: आमच्या ऑफिसात इंग्लंडच्या ग्राहकांशी व्हिडिओवर मीटिंगा होतात. मीटिंग संपली की त्यांच्या दातांवरून विनोद सुरू. त्यांचे दात खरंच इतके वाईट असतात का? (वाचक, अंबड)

उत्तर: वाकडे असतील, पिवळटही असतील, म्हणून किडलेले असतीलच असं नाही. दाताचं कवच अर्धपारदर्शक असतं आणि आतलं डेंटिन मुळातच पिवळसर. कवच झिजलं की तो रंग वर दिसू लागतो. हा विनोद लाडका आहे तो अमेरिकनांचा, आणि तिथे तारा लावून सरळ केलेले, ब्लीच केलेले दात म्हणजेच निरोगी दात असं समीकरण आहे. २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने दोन्हीकडच्या प्रौढांची तुलना छापली. गमावलेल्या दातांची सरासरी इंग्लंडमध्ये ६.९७ निघाली, अमेरिकेत ७.३१.

जुना काळ मात्र विनोदाच्या बाजूने साक्ष देतो. १९६८ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. पुढचा खर्च टळावा म्हणून लग्नाआधीच सगळे दात उपटून कवळी बसवायची, अशी चाल काही भागांत होती! १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा आली तेव्हा कवळी फुकट मिळे. त्यावर झुंबड उडाली आणि १९५१ मध्ये कवळी-चष्म्याला पैसे लावायचं ठरलं, तेव्हा ही सेवा उभारणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदच सोडलं.

प्रश्न: इंग्लंडमधल्या लेस्टरची मावसबहीण दिवाळीत तीन आठवडे येतेय. एक रूट कॅनाल, दोन फिलिंग आणि पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट, सगळं नाशिकलाच उरकायचं म्हणते. जमेल का? (वाचक, गंगापूर रोड)

उत्तर: इम्प्लांट सोडून बाकी जमेल. पण आधी तिकडचा हिशोब मांडा. इंग्लंडमध्ये सरकारी दराचे तीन टप्पे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये ते २७.४०, ७५.३० आणि ३२६.७० पौंड होते. दर एका दाताचा नसून उपचारांच्या एका फेरीचा असतो. म्हणजे रूट कॅनाल आणि दोन्ही फिलिंग एकाच फेरीत झाली तर मिळून दुसऱ्या टप्प्याचा एकच दर. दाढेवर कॅप आली की तिसरा टप्पा, रुपयांत तीस हजारांच्या वर. खरी रड दराची नाहीच. सरकारी दरात नवा पेशंट घेणारा डेंटिस्ट सहज सापडत नाही, आणि खासगीत गेलं की बिल कुठल्या कुठे जातं. तिला असा डेंटिस्ट असेल तर फिलिंगसाठी इथली सुट्टी घालवू नये.

इथे करायचंच तर आल्याबरोबर दुसऱ्या दिवशी एक्सरे. दाढेत पू असेल तर मुळांतल्या नळ्या साफ करून आत औषध ठेवतात आणि आठवडाभराने त्या भरतात. मग दाढ घासून माप, आणि लॅबमधून कॅप यायला पाच-सात दिवस. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज लॅब बंद असू शकते, म्हणून अपॉइंटमेंट आताच घ्या आणि लॅबच्या सुट्ट्या विचारून ठेवा. कॅप विमानाच्या किमान तीन-चार दिवस आधी बसायला हवी. ती केसभर उंच राहिली तरी चावताना दाढ ठणकते. कार्बन पेपरवर चावून बघून ती घासावी लागते. तात्पुरती कॅप घेऊन विमानात बसू नये. ती निघाली की आतली घासलेली दाढ तुटू शकते.

इम्प्लांटचा स्क्रू हाडात रुजायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्यात सहापर्यंत. या खेपेला स्क्रू, पुढच्या खेपेला दात. निघताना स्क्रूच्या पाकिटावरचा स्टिकर मागून घ्या; त्यावर कंपनी, जाडी, लांबी असते. तो नसेल तर तिकडचा डेंटिस्ट जुळणारा सुटा भाग शोधत बसेल, किंवा हातच लावणार नाही.

आणि फराळातली चकली नव्या कॅपच्या बाजूने नको. धातूवर पोर्सिलेन चढवलेली कॅप असेल तर तिचा टवका उडू शकतो.