मिटिंग दोन तास, निर्णय शून्य

वाचकांचे प्रश्न : विद्यार्थी मंडळांसाठी

नव्या कार्यकारिण्या बसल्या की या सदराला बडोद्याहून हमखास पत्रं येतात. यंदा त्यातली पाच घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या फॅकल्टीच्या मराठी मंडळाची कार्यकारिणी १४ जणांची आहे. दर शनिवारी मिटिंग होते, दोन तास चालते आणि 'पुढच्या वेळी बघू' म्हणून उठते. हजेरी घटत चालली आहे. काय करावं?
– एक सचिव, सयाजीगंज

मागच्या चार मिटिंगांची वही उघडा आणि प्रत्येक विषयापुढे लिहा : यातून काय ठरलं? बराचसा रकाना कोरा राहील, कारण विषय ठरवता येण्याजोगे लिहिलेलेच नसतात. नुसतं 'स्नेहसंमेलन' असं लिहिलं की प्रत्येक जण आपल्या मनातलं बोलतो. 'स्नेहसंमेलन एक दिवसाचं की दोन दिवसांचं?' असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं. विषयपत्रिकेतली प्रत्येक ओळ अशी प्रश्न म्हणून लिहा. शेजारी विषय मांडणार कोण, मिनिटं किती आणि आज निर्णय हवा की नुसती चर्चा, एवढं टाका. ५० मिनिटांच्या मिटिंगमध्ये दोन निर्णय आणि एक चर्चा नीट होते. त्याहून जास्त कोंबलं तर शेवटच्या विषयाचे हाल होतात. पत्रिका गुरुवारी संध्याकाळी पोचली पाहिजे. शनिवारी दारात हातात पडली तर निम्मी मिटिंग ती समजून घेण्यात जाते.

हॉलचं भाडं भरलं, पोस्टर छापून आलं, असली माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर द्या. ती वाचून दाखवत बसलात तर पहिल्या पंधरा मिनिटांत मुलं मोबाइलमध्ये शिरतात आणि मग बाहेर येत नाहीत.

क्रमही महत्त्वाचा. पहिला विषय पाच मिनिटांचा, हलका. तेवढ्यात मागे राहिलेले येऊन बसतात. सगळ्यात जड विषय दुसरा. उशिरा आलेल्यासाठी झालेलं पुन्हा सांगू नका, नाहीतर वेळेवर येणारे पुढच्या शनिवारी आरामात येतील.

टी-शर्टच्या रंगावर अर्धा तास जातो आणि बजेट दोन मिनिटांत मंजूर होतं, हे तुमच्याकडेही होत असणार. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकानं १९५७ साली याचीच टिंगल केली होती : त्याच्या कल्पनेतली समिती अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत पास करते आणि सायकलींच्या छपरावर पाऊण तास वाद घालते, कारण छपरातलं प्रत्येकाला कळतं. उपाय सोपा आहे. रंगासारख्या गोष्टी मिटिंगमध्ये आणूच नका, दोघांवर सोपवा. बजेटचा तक्ता मात्र आधी पाठवा, म्हणजे प्रश्न विचारायला लोकांजवळ काही असेल.

चर्चेत तेच तिघं बोलत असतील तर आधी तीन मिनिटं सगळ्यांना कागदावर मत लिहू द्या आणि मग फेरी घ्या. अध्यक्षानं आणि सीनियर मुलांनी शेवटी बोलावं. ते आधी बोलले की बाकीच्यांच्या माना डोलू लागतात.

आता निर्णयाचं. सचिवानं तो तिथल्या तिथे मोठ्यानं वाचावा : काय, कोण, कोणत्या तारखेपर्यंत. 'सगळ्यांनी मिळून करायचं' हे वाक्य वहीत येऊच देऊ नका. रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं दोर ओढणाऱ्यांचा जोर मोजला होता (निष्कर्ष छापले गेले १९१३ साली) आणि माणसं वाढतील तसा माणशी जोर घटताना त्याला दिसला. एका कामाला एकच नाव हवं. मदतनीस कितीही असोत. इतिवृत्त एका पानाचं ठेवा आणि २४ तासांत पाठवा. गणसंख्याही आत्ताच ठरवा : १४ मध्ये ८. तेवढे नसतील तर चर्चा करा, निर्णय घेऊ नका. न आलेले पुढच्या खेपेला तोच विषय पुन्हा उकरून काढतात.

प्रश्न : मी नवी अध्यक्ष आहे. काही जण म्हणतात मी हुकूमशहा, काही म्हणतात मला धरबंद ठेवता येत नाही. दोन्ही एकाच आठवड्यात ऐकलं.
– एक विद्यार्थिनी, फतेहगंज

दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात, कारण त्या बहुधा वेगवेगळ्या कामांबद्दल असतात.

कुर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवात दहा वर्षांच्या मुलांच्या क्लबांवर प्रयोग केले (निष्कर्ष छापले गेले १९३९ साली). हुकूम सोडणारा, सगळ्यांना विचारून चालणारा आणि मोकळं सोडून देणारा, असे तीन तऱ्हांचे प्रमुख त्यांना आलटून पालटून दिले. हुकूम सोडणाऱ्याच्या हाताखाली मुलं काम करत, पण तो खोलीबाहेर गेला की काम बसे. विचारून चालणाऱ्याच्या गटात तो नसतानाही काम चालू राही. मोकळं सोडलेल्या गटात काम सगळ्यात कमी झालं. यावरून 'लोकशाहीच बरी' म्हणून मोकळं होऊ नका. तिथे प्रमुख प्रौढ होते आणि मुलं लहान. तुमच्या मंडळात सगळे एकाच वयाचे आणि उद्या कॅन्टीनमध्ये एकत्र बसणारे.

हर्सी आणि ब्लँचर्ड या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९६९ साली मांडलेला विचार तुम्हाला जास्त उपयोगी पडेल : समोरच्याला ते काम किती येतं, यावर वागणं ठरवा. पहिल्यांदाच निवेदन करणाऱ्या मुलीला 'तुला हवं तसं कर' म्हणणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं. तिला संहितेचा नमुना, वेळ आणि दोन तालमी द्या. तीन वर्षं साउंड सांभाळणाऱ्या मुलाला मात्र वायर कुठून न्यायची ते सांगू नका. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी एकदा आणि आदल्या संध्याकाळी एकदा विचारा, पुरे.

काही ठिकाणी मतदान चालत नाही. पैसे, वीज, गर्दी आणि कार्यक्रमाच्या दिवशीची वेळ. तिथे एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. खर्चाला मात्र दोन सह्या हव्यात, त्यातली एक खजिनदाराची. कार्यक्रमाचा विषय, पाहुणे, वर्षाचा आराखडा हे सगळ्यांचं.

सर्वात जास्त कटुता येते ती दुसऱ्याच कारणानं : मनात ठरवून ठेवायचं आणि वर 'तुम्हीच सांगा' म्हणायचं. मुलांना हे लगेच कळतं. प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला सांगून टाका : हे मी ठरवलंय, कारणं ऐका; हे मी ठरवीन, पण तुमचं ऐकून; किंवा हे मतांवर ठरेल. 'हुकूमशहा'ची तक्रार निम्म्यानं कमी व्हावी.

प्रश्न : 'यंदा मंडळ मोठं करायचं' असं ठरवलं होतं. वर्ष संपलं, मंडळ तेवढंच आहे. ध्येय नेमकं कसं ठरवावं?
– कार्यकारिणी सदस्य, रावपुरा

'मोठं' म्हणजे सभासद जास्त की कार्यक्रम जास्त? ते सांगितल्याशिवाय कुणाला काहीच करता येत नाही. जॉर्ज डोरन या व्यवस्थापन सल्लागारानं १९८१ साली ध्येयाच्या ज्या पाच कसोट्या सांगितल्या, त्यांत काम कुणाच्या नावावर, ही एक होती. पुढे तिच्या जागी 'जमण्याजोगं' आलं आणि नेमकी कामाची कसोटी बाजूला पडली. तुम्ही ती परत आणा. वर्षाला तीन ध्येयं पुरे. उदाहरणार्थ : '२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी ४० मिनिटांची एकांकिका, जबाबदारी नाट्यप्रमुखाची.'

आता कॅलेंडर समोर ठेवून मागे मोजा. बडोद्यात हा हिशेब हमखास चुकतो, कारण वर्षात दिसतात तेवढे आठवडे हाताशी नसतात. गणपतीचे दहा दिवस गेले. नवरात्रात नऊ रात्री सगळं शहर गरब्यात; त्यातल्या कुठल्याही रात्रीची मिटिंग म्हणजे रिकाम्या खुर्च्या. मग दिवाळीची सुट्टी. १४-१५ जानेवारीला उत्तरायण, म्हणजे पतंगांचा सण; तेव्हा गच्चीवरून कोण उतरतंय?

एकांकिकेच्या एका मिनिटाला अर्धा तास तालीम धरा. ४० मिनिटांना २० तास. आठवड्याला दीड-दीड तासाच्या तीन तालमी केल्या तर पाच आठवड्यांत साडेबावीस तास होतात, म्हणजे एखादी बुडाली तरी चालेल. पाच आठवडे मागे गेलं की २३ जानेवारी. पात्रनिवड त्याच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे संहिता उत्तरायणाआधी पक्की हवी आणि वाचनं डिसेंबरातच. हॉल आठ आठवडे आधी, २ जानेवारीपर्यंत. इंटर्नल परीक्षांच्या तारखा ऑफिसातून घेऊन त्याच कागदावर लाल पेनानं टाका.

सभासदांचं ध्येय ठेवायचं असेल तर नोंदणीचा आकडा धरू नका. दुसऱ्या कार्यक्रमाला परत आलेल्यांचा आकडा धरा. फॉर्म काय, मित्राखातरही भरले जातात.

प्रश्न : आमच्यात निम्मी मुलं गुजराती आहेत. मिटिंग कोणत्या भाषेत घ्यावी? मराठी मंडळ आहे म्हणून काही जण अडून बसतात.
– दांडिया बाजार

बोलणं ज्याला जमेल त्या भाषेत होऊ द्या. बडोद्यात एका वाक्यात दोन्ही भाषा येतात आणि कुणाचं अडत नाही. अडतं ते लिहिताना. निर्णयाची ओळ मराठीत आणि गुजरातीत, दोन्हीत लिहा आणि तारखा आकड्यांत. अडून बसणाऱ्यांना गुजराती मित्रांच्या मराठी निवेदनाची तयारी करून घ्यायचं काम द्या.

प्रश्न : एक जण काम घेतो, करत नाही, विचारलं की 'होतंय' म्हणतो. काढून टाकावं का?
– प्रतापनगर

अजून नाही. आधी सगळ्यांसमोर न विचारता एकटं गाठा आणि 'झालं का?' ऐवजी 'आत्तापर्यंत जे झालंय ते दाखव' म्हणा. पोस्टर असेल तर कच्चं रेखाटन, प्रायोजक असतील तर फोन केलेल्यांची यादी. दाखवायला काही नसेल तर काम मोठं होतं, कळलं नव्हतं की वेळच नव्हता, ते तिथेच बाहेर येतं. मग दोन दिवसांचा एक लहान तुकडा द्या. तोही आला नाही तर काम दुसऱ्याला देऊन वहीत नाव बदला, आणि ते त्याला आधी स्वतः सांगा. ग्रुपवर वाचून कळलं तर तो मंडळातून जातो आणि जाताना दोन मित्र घेऊन जातो.