ती आठ नंबरची सुई आधी मोकळी कर

एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय, थोडक्यात सांगते. घरात विणकामाच्या आणि कातायच्या मिळून ११ गोष्टी अर्धवट पडल्यात. लेकीचा स्वेटर ती पाच वर्षांची असताना विणायला घेतला होता, आता ती नऊची आहे. नवऱ्याचं ३६ मापाचं बिनबाह्यांचं जाकीट, सासूबाईंची शाल, आणि मोजे तीन, तिन्ही वेगवेगळ्या जोड्यांमधले एकेक. टाके मोजायला बसलं की नेमकं कोणीतरी हाक मारतं, नवरा म्हणतो घर आहे की लोकरीचं गोदाम. तर ती म्हणते, मावशी, रोज कशाला किती वेळ द्यायचा याचं एक वेळापत्रक करून द्या ना.

नाही देणार.

अगं, तू चार पानं घरच्यांवर लिहिलीस आणि खरी गोष्ट कंसात टाकलीस. बघ काय लिहिलंयस, "(आठ नंबरची गोल सुई एका जुन्या करड्या स्वेटरमध्ये अडकलीय, २४२ टाके आहेत, टकळी पण त्याच लोकरीने भरलीय, तो आता घालायला कोणी नाही पण असू दे)". कंस बंद, आणि लगेच पुढे नवऱ्याचं गोदाम सुरू.

मी ते वाचून कागद-पेन्सिल घेऊन बसले. तूच आधी लिहिलंयस की तुझ्या हाताला या सुईवर ४ इंचात २२ टाके बसतात, म्हणजे २४२ टाक्यांचा घेर झाला ४४ इंच. सैल धरला तरी ४०-४२ छातीच्या माणसाचा स्वेटर आहे तो. तुझ्या नवऱ्याचं जाकीट ३६ चं. तुझ्या पत्रात जेवढी माणसं आहेत त्यातल्या कोणाचाच तो नाही. कोणाचा ते मी विचारत नाहीये, गेलेल्याचा असेल, निघून गेलेल्याचा असेल, पण तू त्याच्यासाठी नुसती विकतची लोकर आणून विणायला बसली नाहीस, टकळीवर स्वतः कातलीस, दुपदरी करून पीळ दिलास, आणि मग विणायला घेतलंस. कातलेल्या लोकरीचा मोठ्या माणसाचा स्वेटर म्हणजे किती रात्री जातात ते मला माहितीय, कोणासाठीही करत नाही आपण ते.

आणि आता ती सुई अडकलीय म्हणून जाकीट थांबलंय, शाल थांबलीय, टकळी भरलीय म्हणून नवीन कातणं बंद. हे मात्र मला सांगू नकोस. टकळीवरचं सूत गुंडाळून काढायला दहा मिनिटं लागतात, पुठ्ठ्याच्या नळीवर घ्यायचं की झालं. २४२ टाके बोथट सुईने दुसऱ्या धाग्यावर ओवून ठेवायचे म्हटले तरी अर्धा तास, फार तर. तू मोज्याची टाच वळवणारी बाई आहेस, तुला हे येत नाही यावर मी विश्वास ठेवणार नाही. सुई अडकली नाहीये. तू अडकवून ठेवलीयस. त्यामुळे नवऱ्याला गोदामावरून चार शब्द सुनवायची जी तुझी इच्छा दिसतेय ती मी पुरी करणार नाही, तो बिचारा ११ पिशव्या बघतोय, त्यातली कुठली पिशवी उघडायची तुला भीती वाटते हे त्याला कुठून कळणार.

तर तो स्वेटर उसव.

हो, उसव. धाग्यावर ओवून परत पिशवीत ठेवू नकोस, ते म्हणजे तेच झालं, फक्त सुई सुटेल. आणि पुरा करायचा विचार डोक्यात येत असेल तर तोही सोड, चार वर्षांनी तेच काम पुढे घेतलं की हात बदललेला असतो, टाके घट्ट नाहीतर सैल पडतात आणि जिथे थांबलो होतो तिथे आडवा पट्टा दिसतोच, धुऊनही जात नाही, मी करून बघितलंय. शिवाय अंधारात न हलवता पडलेली लोकर म्हणजे कसरीला, लोकर खाणाऱ्या किड्याला, आमंत्रण. पिशवी उघडल्यावर भोकं किंवा जाळ्या दिसल्या तर घाबरू नकोस, पण ती पिशवी बाकीच्या लोकरीजवळ नेऊ नकोस एवढं बघ.

रात्री सगळे झोपल्यावर एकटीने उसवायचा नाही. दिवसा, बाहेरच्या खोलीत, सगळे असताना. लेकीला समोर बसव, दोन्ही हात पुढे धरायला सांग आणि तिच्या हातांवर लडी गुंडाळत जा, नऊ वर्षांच्या मुलांना हे काम भयंकर आवडतं, आणि तूच म्हणतेस ना की घरातलं कोणी विणू देत नाही, मग घे की कामाला. लडी चार ठिकाणी सैलसर बांध नाहीतर पाण्यात गुंता होईल. कोमट पाण्यात अर्धा तास नुसती बुडवून ठेव, चोळायची नाही, पिळायची नाही, चोळलीस तर लोकर एकमेकांत धरून नमद्यासारखी होईल. टॉवेलात दाबून पाणी काढ आणि टांगून ठेव. उसवलेल्या धाग्याच्या नागमोडी वाळेपर्यंत बऱ्याचशा निघून जातात, स्वेटर कधी होता हे कळत पण नाही.

टकळीवरचं पण काढ त्याच दिवशी. इतके दिवस पडलेलं एकपदरी सूत हाताला मेल्यासारखं लागेल, पीळ गेला की काय वाटेल, गेला नसतो गं, नुसता बसलेला असतो, पाण्यात टाकलं की परत वळवळायला लागतं. त्यामुळे खराब झालं म्हणून फेकायचं निमित्त काढू नकोस. त्या लोकरीचं पुढे काय करायचं ते आत्ता ठरवायचंच नाही, लडी होऊन कपाटात बसेल, तिला काय घाई आहे.

लेक विचारेल आई हा कोणाचा होता. नाव सांग तिला, आणि हात खाली येऊ देऊ नकोस म्हणावं, गुंता होतो.

त्या तीन मोज्यांबद्दल पुढच्या महिन्यात लिही, त्यावर मला बरंच बोलायचंय.