'शेवाळ'ला 'शैवाल' करणाऱ्यांसाठी

प्रश्न असा आला आहे: नदीच्या तळाशी वाढणाऱ्या शेवाळाच्या गणिती मॉडेलवर लेख लिहायचाय, तर 'नितलस्थ शैवाल वृद्धी प्रतिमान' हे शीर्षक चालेल का? आणि शुद्ध काय, 'शैवाल' की 'शेवाळ'?

आधी राग काढून घेतो. मुळा-मुठेवर जलपर्णी पसरली की 'नदीत शेवाळ माजलं' म्हणणारे दरवर्षी भेटतात. अहो, जलपर्णीला मुळं असतात, पानं असतात, चांगली जांभळी फुलं येतात. शेवाळाला यातलं काहीही नसतं. आणि 'नितलस्थ'? विष्णुपुराणातल्या सात पाताळांपैकी तिसऱ्याचं नाव नितल. नदीच्या तळाला 'तळ' म्हणायला कसली लाज?

आता मुद्द्याचं. 'शैवाल' संस्कृत म्हणून शुद्ध आणि 'शेवाळ' म्हणजे गावंढळ अपभ्रंश, असं शाळेपासून ऐकत आलोय. पण उणादिसूत्रांत, म्हणजे धातूंना प्रत्यय लावून शब्द कसे घडतात हे सांगणाऱ्या जुन्या संस्कृत व्याकरणसूत्रांत, एक सूत्र आहे: 'शीङो धुक्लक्वलञ्वालनः'. शी म्हणजे निजणं, पडून राहणं. त्याला चार प्रत्यय लागून चार शब्द होतात: शीधु, शील, शैवल, शेवाल. (शीधु म्हणजे मद्य. ते आणि शील एकाच धातूचे, यावर काय बोलायचं!) 'वलञ्'मधल्या ञ्-मुळे 'शी'तल्या ई-चा ऐ होऊन (व्याकरणात याला वृद्धी म्हणतात) 'शै' होतो, म्हणून शैवल. 'वालन्'ला तो ञ् नाही, म्हणून नुसता गुण, म्हणजे ई-चा ए, आणि शेवाल. म्हणजे या सूत्राप्रमाणे आपलं शेवाळ अगदी सरळ उतरलंय. घोळ आहे तो 'शैवाल'मध्ये, एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड. तो शब्द जुना आहे, मान्य. पण शुद्धतेचा तोरा त्याने मिरवू नये.

उणादीच्या व्युत्पत्त्या ओढूनताणून आणलेल्या असतात, असं आधुनिक भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. बऱ्याच असतातही. पण ही सोडायला मी तयार नाही, कारण तुमचं मॉडेल तेच सांगतंय. स्टीव्हन चाप्रा आणि सहकाऱ्यांचं क्वाल-टू-के हे नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेचं मॉडेल बघा. त्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ लिटरमागे मोजतात आणि ते प्रवाहाबरोबर पुढच्या टप्प्यात जातं. तळाचं शेवाळ मोजतात चौरस मीटरमागे, आणि त्याच्या समीकरणात वाहून जाण्याचं पदच नाही. ते पडून असतं! शय्या, शेज, शेषशायी, त्याच कुळातलं. वाढायचं तर पडल्या जागी जे मिळेल त्यावर: पाण्यात विरघळलेलं नत्र आणि स्फुरद, पाण्याचं तापमान, आणि वरून झिरपेल तेवढं ऊन. हे ऊन खोलीबरोबर घातांकी दराने घटतं, गढूळ पाण्यात तर फारच झपाट्याने. वाढीतून श्वसन आणि मर वजा करायची. खरवडून नेणारा पूर आणि चरणाऱ्या गोगलगायी खऱ्या नदीत असतातच. या दोन्ही गोष्टी हिशेबात धरायच्या की नाही, हे तुम्ही ठरवा.

शीर्षकातली 'वृद्धी'ही नको. मराठीत 'शेवाळणे' हे जिवंत क्रियापद आहे. घाटाची पायरी शेवाळते, तसा नदीचा तळही शेवाळतो. ते सोडून 'शैवाल वृद्धी' म्हणणं म्हणजे पाय घसरल्याला 'पादस्खलन' म्हणण्यापैकी आहे.

हो, शीर्षक राहिलंच. 'नदीचा तळ किती शेवाळेल? एक गणिती मॉडेल'. 'प्रतिमान'ला माझी हरकत नाही, पण तुम्ही स्वतः प्रश्नात 'मॉडेल'च लिहिलंय.