तुमचे प्रश्न : किनारीची जीन्स

मुलाला साधी, बिनलोगोची, जपानी ढंगाची किनारदार जीन्स हवी आहे. तयार फार महाग पडते म्हणून डेनिम आणून टेलरकडे शिवायचं ठरवलंय. पन्हा ३० इंच आहे. कापड किती घ्यावं? – एक वाचक, पाचोरा

पावणेतीन मीटर घ्या. ५८ इंची पन्ह्यात सव्वा मीटरवर भागतं, त्या सवयीने टेलर कमी सांगेल, ऐकू नका. हे किनारीचं कापड धोट्याच्या (शटलच्या) मागावर विणतात. धोटा बाण्याचा म्हणजे आडवा धागा वळवून परत आणतो, म्हणून कड, म्हणजेच किनार, बंद राहते, उसवत नाही. पन्हा मात्र निम्मा. अमळनेरच्या मिलमध्ये हयात गेलेल्यांना हे सांगायला नको.

कात्री लावण्याआधी कापड भिजवा. त्यावर रंगीत दोऱ्याने ५० सेंटिमीटरचा चौकोन घाला, गरम पाण्यात तासभर बुडवा, सावलीत वाळवून पुन्हा मोजा. उभ्या बाजूला ४६ भरलं तर कापड ८ टक्के आटलं. दुसऱ्यांदा भिजवून आकडा हलला नाही की मगच कापायचं. न भिजवता शिवलं तर ४० इंच उंचीतले तीन इंच पहिल्या धुण्यातच जातात, आणि तिरक्या विणीमुळे पाय पिळून बाहेरची शिवण नडगीवर येते.

किनार बाहेरच्या शिवणीला, अगदी सरळ लागली पाहिजे. त्यामुळे कमरेचा आकार बाहेरून काढता येत नाही. तो आसनातून आणि मागच्या योकमधून (कमरपट्ट्याखालच्या जोडपट्टीतून) द्यावा लागतो. नॅरो बॉटमचा हट्ट सोडा, सरळ कटच घ्या. सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो : टेलर हाताच्या सवयीने किनार कापून ओव्हरलॉक मारतो, मग सगळा खटाटोप वाया. कापडालाच चिठ्ठी टाचून द्या. सुई १६ किंवा १८ नंबरची, इंचाला सात-आठ टाके. बेल्टच्या लूपखाली बरेच थर जमतात, तिथे टाके सुटतात नाहीतर सुई मोडते. ती जागा आधी हातोडीने ठोकून चपटी करायची.

१४ औंसाचंच डेनिम घ्यावं आणि सहा महिने धुवू नये म्हणतात. खरं का? – एक वाचक, भुसावळ

१४ औंस (चौरस यार्डाचं वजन) म्हणजे सुमारे ४७५ जीएसएम, चौरस मीटरला तितके ग्रॅम. भुसावळच्या मे महिन्यात ती शिक्षाच! ९ ते १० औंस पुरे. न धुण्याचा सल्ला थंड मुलखातला. आपल्याकडे घाम आणि धूळ बसून कापड मांड्यांजवळ आधी विरतं. आठ-दहा वापरांनंतर उलटी करून थंड पाण्यात धुवा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरट थर बसतो, त्यापेक्षा लिक्विड डिटर्जंट बरं. मीठ-व्हिनेगरने नीळ, म्हणजे जीन्सचा निळा रंग, पक्की होत नाही. ती धाग्याच्या वरवरच असते, घासली की सुटते. सुरुवातीला पांढरा शर्ट खोचू नका.

यात जपानी काय नि अमेरिकी काय? – एक वाचक, शहादा

पाच खिसे आणि खिशाच्या कोपऱ्यांचे तांब्याचे रिव्हेट (ठोकून बसवलेल्या टिकल्या) अमेरिकी. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना रिव्हेटचं पेटंट २० मे १८७३ रोजी मिळालं. जपानमध्ये कुराबो गिरणीने १९७३ साली डेनिम विणलं आणि ओकायामा प्रांतातलं, शाळेच्या गणवेशांसाठी ओळखलं जाणारं कोजिमा जीन्सचं गाव झालं. जुने माग, ढगळ आणि मोकळा कट, नक्षीला फाटा ही तिकडची भर. रिव्हेट टेलरकडे बहुधा नसतात. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा.