आइसलँडमध्ये ऑफ-रोड ड्रायव्हिंगसाठी वाटा कशा शोधायच्या?
आधी हे लक्षात घ्या, आइसलँडमध्ये रस्ता सोडून गाडी घालणं बेकायदा आहे. तिथल्या शेवाळावर उमटलेली चाकोरी बुजायला कित्येक दशकं लागतात, तेव्हा कृपा करून तो मोह टाळाच. तुम्हाला हवेत ते 'एफ' क्रमांकाचे डोंगरी रस्ते: कच्चे, खडकाळ, फक्त फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्यांसाठी. ते साधारण जून ते सप्टेंबर उघडे असतात. कोणता उघडला, ते तिथल्या रस्ते विभागाच्या ऑनलाइन नकाशावर दिसतं. पहिल्यांदाच जात असाल तर ३५ क्रमांकाचा क्योलुर नावाचा डोंगरी रस्ता घ्या, त्यावरच्या नद्यांना पूल आहेत. एफ २६ वर मात्र पाण्यातूनच गाडी काढावी लागते. हिमनद्यांतून येणाऱ्या नद्यांचं पाणी सकाळी कमी असतं, तेव्हा त्या सकाळीच ओलांडा. आणि भाड्याच्या गाडीचा विमा पाण्यानं झालेलं नुकसान सहसा भरून देत नाही.