गॅरेजचे प्रश्न: टायमिंग चेन आणि अर्ध्या दाताचा घोळ

प्रश्न: माझ्याकडे १९९९ची स्प्लेंडर आहे. ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातला, त्याबरोबर टायमिंग चेनही (क्रँकच्या फिरण्यावर व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी साखळी) नवी टाकली. मॅग्नेटची (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाची) ‘टी’ खूण जुळवली की कॅम स्प्रॉकेटवरची गोल खूण हेडच्या खाचेपासून अर्धा दात पुढे राहते. चेन एक दात सरकवली की ती तेवढीच मागे जाते. हेडला फेस मारला होता (खालची बाजू घासून सपाट केली होती), त्याचा हा परिणाम असेल का? – एक वाचक, सांगोला

उत्तर: फेस मारल्याने एवढा फरक पडत नाही. या चेनच्या एका कडीची लांबी ६.३५ मिलिमीटर, म्हणजे अर्धा दात साधारण ३ मिलिमीटर. हेडचा फेस मारताना ०.२ ते ०.३ मिलिमीटर जातात. तो फरक खुणेवर डोळ्यांना दिसायचाही नाही.

घोळ ढिलाईचा आहे. टेन्शनर (चेन ताठ ठेवणारा भाग) बसलेला नसताना चेनची सगळी ढील एका बाजूला गोळा होते आणि स्प्रॉकेट थोडं पुढेमागे खेळतं. ही ढील कायम टेन्शनरच्या रोलरच्या बाजूलाच राहिली पाहिजे. समोरची, म्हणजे क्रँक ज्या बाजूने ओढतो ती बाजू ताठ हवी. म्हणून मॅग्नेट नेहमी इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच खुणेवर आणा. डाव्या बाजूने पाहिलं तर ही दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट आहे. खूण ओलांडून गेली तर मागे फिरवू नका, आणखी एक पूर्ण फेरी मारून पुन्हा खुणेवर या. मागे फिरवलं की ढील ओढणाऱ्या बाजूला येते आणि तुम्हाला दिसतो तो अर्धा दात तयार होतो.

दुसरं कारणही तपासा. मॅग्नेटवर ‘एफ’ आणि ‘टी’ या दोन खुणा आहेत. ‘एफ’ ही स्पार्कची खूण, पिस्टन वर पोचण्याच्या थोडी आधीची. व्हॉल्व्ह टायमिंगसाठी फक्त ‘टी’ घ्यायची. काळवंडलेल्या मॅग्नेटवर ही दोन अक्षरं सहज अदलाबदल होतात. पेट्रोलच्या फडक्याने पुसून, बॅटरी मारून वाचा.

चेन चढवताना दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे असावेत, म्हणजे कॅमचे उंचवटे रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेला) उचलत नसावेत. गोल खूण बरोबर उलट बाजूला, अर्ध्या फेरीवर आलेली दिसली तर घाबरू नका. क्रँकची एक पूर्ण फेरी मारली की ती खाचेवर येते, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकच फिरतो. अर्ध्या फेरीने काही बिघडत नाही, एका दाताने मात्र बिघडतं. क्रँकच्या स्प्रॉकेटला १४ दात धरले तर एका दाताची चूक म्हणजे क्रँकचे जवळजवळ २६ अंश. किक हलकी लागते, गाडी चोकवरच उठते, ओढ राहत नाही, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. पिस्टन नवा, रिंगा नव्या, तरी गाडी मेल्यासारखी चालते आणि दोष बोअरवाल्यावर जातो.

कॅम स्प्रॉकेटचे बोल्ट तेल पुसून, थ्रेडलॉकचा एक थेंब लावून कसा. टेन्शनर बसवा. मग प्लग काढून मॅग्नेट हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि दोन्ही खुणा पुन्हा पाहा. पहिल्यांदा जुळलेली खूण पुरावा नव्हे. दोन फेऱ्यांनंतर जुळते ती खरी. फिरवताना कुठे टणक अडलं तर जोर लावू नका, स्प्रॉकेट पुन्हा उतरवा.

प्रश्न: मी आयटीआयला आहे. स्प्लेंडरच्या इंजिनात टायमिंग चेनबरोबर आणखी काय बदलायचं? चेनसाठी क्रँककेस उघडावी लागते का? – एक विद्यार्थी, बारामती

उत्तर: क्रँककेस उघडावी लागत नाही. १९८५च्या सीडी १०० पासून आलेल्या या ९७.२ सीसी इंजिनात टायमिंग चेन डावीकडे, मॅग्नेटच्या मागे आहे. डावं कव्हर, मॅग्नेट आणि कॉइलची बेसप्लेट निघाली की वाट मोकळी होते. मॅग्नेटसाठी पुलरच वापरा. हातोडीने ठोकलं की क्रँकचा टेपर आणि आटे जातात.

चेन एकटी कधी बदलू नका. ब्लॉकमधला रबरी गाइड रोलर, टेन्शनरच्या आर्मवरचा रोलर, आर्मला रेटणाऱ्या टेन्शनरच्या पुशरॉडचं रबरी डोकं आणि त्याची स्प्रिंग एकदमच घ्या. जुन्या रोलरचं रबर नखाने दाबून पाहा: लाकडासारखं टणक झालेलं असतं, मध्ये चेनने कापलेले चर असतात. त्यावर नवी चेन घातली तर चेनचा आवाज काही दिवसांत परत येतो. स्प्रॉकेटच्या दातांची टोकं एका बाजूला झुकली असतील तर तेही बदला. जुन्या आणि नव्या चेनच्या कड्या मोजून घ्या. पाकिटावरच्या नावावर विसंबू नका.

झिजलेल्या रोलरचे तुकडे खाली ऑईलच्या जाळीत जाऊन बसतात. हे काम झाल्यावर जाळी आणि उजव्या कव्हरमागचा गोल फिल्टर धुतलाच पाहिजे. ज्याने चेन बदलली पण जाळी पाहिली नाही, त्याने काम अर्धंच केलं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या इंजिनात ऑईल पंपही टायमिंग चेनवरच चालतो. खाली एक छोटं स्प्रॉकेट आहे, त्याचा स्पिंडल पंपाला फिरवतो. चेन त्याच्या दातांत बसली नाही, तर गाडी सुरू होईल, चालेलही, पण हेडला ऑईल मिळणार नाही आणि कॅम, रॉकर जळतील. बेसप्लेट लावण्याआधी क्रँक हाताने फिरवून ते छोटं स्प्रॉकेट फिरतंय, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

हेड निघालेलं असताना चेनला वरून तार बांधून ठेवा आणि कोणाला किक मारू देऊ नका. सैल चेन क्रँकच्या स्प्रॉकेटखाली गोळा होते आणि केसचा तुकडा पाडते. हेड बसवताना तांब्याचा वॉशर ज्या स्टडवर होता त्याच स्टडवर जायला हवा, कारण ऑईल त्या स्टडच्या भोकातून वर चढतं. उतरवतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) इंजिन थंड असताना मॅन्युअलच्या मापाने, फीलर गेजने लावा. ऑईल भरून, प्लग काढून त्याच्या कॅपमध्ये घाला, प्लगची बॉडी हेडला टेकवून ठेवा आणि २५-३० किका मारा. मग गाडी सुरू करून बंद करा, टॅपेटची टोपी उघडून रॉकरवर ओल आली का ते बघा. कोरडं असेल तर पुन्हा सुरू करू नका.

प्रश्न: नवी चेन आणि रोलर घालूनही सकाळी पहिला मिनिटभर डावीकडून खरखर येते, मग थांबते. – एक वाचक, चिपळूण

उत्तर: टेन्शनरचा पुशरॉड कोरडा बसवला असणार. चेनवरचा ताण नुसत्या स्प्रिंगचा नसतो. पुशरॉडच्या पोकळीतलं ऑईल त्याला परत दबू देत नाही. इंजिनाच्या खालचा मोठा बोल्ट काढून पुशरॉड आणि स्प्रिंग बाहेर घ्या, धुवा, भोकातली घाण हवेने उडवा. बसवताना पोकळीत १-२ मिलिलिटर इंजिन ऑईल घाला आणि बोल्टचा वॉशर नवा लावा. तो गळला तर ऑईल उतरून खरखर परत येते. आवाज स्प्रिंग ताणून बंद करायचा उपाय बरेच जण सांगतात. तसं करू नका, ताण वाढून रोलरचं रबर लवकर फाटतं.

टिकटिक हेडमधून येत असेल तर ते टॅपेट. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आधी हेडवर, मग ब्लॉकच्या डाव्या बाजूला टेकवून दांडा कानाला लावा, फरक लगेच कळतो.

प्रश्न: जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५०ची टायमिंग चेन किती किलोमीटरनंतर बदलावी? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: त्या इंजिनात टायमिंग चेन नाही. कॅम खाली असून गिअरवर चालतात, व्हॉल्व्ह पुशरॉडने (कॅमकडून वर जाणाऱ्या दांड्याने) उघडतात. डावीकडून चेन वाजत असेल तर ती प्रायमरी चेन, क्रँककडून क्लचकडे जाणारी. तिची ढील सर्वात ताठ जागी मोजा; वरखाली साधारण ६ मिलिमीटर हवी. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी खूप सैल लागत असेल तर ती असमान झिजली आहे. ताणून उपयोग नाही, बदला.